माझ्या गळ्यातली गोधडीची सुई

मित्रांनो, मी एक जुना कार्ब्युरेटर आहे. ठाण्याला विठ्ठल मिस्त्रींच्या गॅरेजात मागच्या फळीवर, गंजलेल्या पान्यांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. येणारेजाणारे मला उचलतात, उलटा करून बघतात, बोटाला लागलेली काजळी पुसतात आणि पुन्हा ठेवून देतात. माझं काही म्हणणं नाही. माझे कामाचे दिवस संपले. पण त्या दिवसांत मला जो एक धक्का बसला, तो आठ-नऊ वर्षं झाली तरी ओसरलेला नाही. तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला भंगारात जायचं नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात, लढाईच्या धामधुमीत झाला. अंग जस्ताचं आणि आतला जेट पितळेचा. जेट म्हणजे एक बारीक भोक पाडलेला स्क्रू. माझा सगळा जीव त्या भोकात. माझ्याच रांगेतल्या एका जेटचं भोक केसभर मोठं निघालं, तर तपासणाऱ्या बाईनं तो सरळ मोडीच्या डब्यात टाकला. मी हबकलो. एवढ्याशा फरकासाठी कुणी कुणाला टाकून देतं का? त्या बाईला काय कळत होतं ते मला पुढे कल्याणात कळलं.

आधी माझं काम समजून घ्या. पेट्रोल पाण्यासारखं इंजिनात ओतलं तर इंजिन चालत नाही, गुदमरतं. पेट्रोलचं आधी धुकं करावं लागतं. माझा गळा मध्येच अरुंद आहे. इंजिन श्वास घेतं तेव्हा त्या अरुंद जागेतून हवा घाईनं धावते, दोन घरांमधल्या बोळातून वारा धावतो तशी. त्या घाईमुळे तिथला दाब कमी होतो, जेटमधून पेट्रोल आपोआप वर ओढलं जातं आणि हवेच्या माऱ्यानं त्याचे बारीक बारीक तुषार होतात. ते हवेत मिसळून आत जातात आणि ठिणगी पडली की पेटतात. या मिसळण्याला माप आहे. वजनानं एक शेर पेट्रोलला सुमारे पंधरा शेर हवा. हवेला वजन असतं हे ऐकून तुम्ही डोळे मोठे केलेत ना? मीही केले असते, असते तर. हे माप माझा जेट सांभाळतो. भोक बुजलं तर इंजिन उपाशी, आणि भोक मोठं झालं तर... पण ते पुढे येईलच.

एका लष्करी ट्रकच्या इंजिनावर बसून मी बोटीनं मुंबईला आणि तिथून कल्याणच्या छावणीत आलो. लढाई संपली. ज्या ट्रकांना सलाम ठोकले जायचे, ते रातोरात डिस्पोजलचा, म्हणजे लिलावात काढायचा, माल झाले. आमचा ट्रक कल्याणच्या त्र्यंबकरावांनी घेतला. त्यांनी त्यावर सागाची चौकट आणि पत्रा चढवून उतारूंची सर्व्हिस मोटार बनवली आणि कल्याण ते मुरबाड फेऱ्या सुरू केल्या. ड्रायव्हर नेमला सहदेव.

सहदेव मूळचा घाटावरचा. लष्करात ट्रक चालवायला शिकलेला, बोलायला कमी आणि हाताला हलका. तो रोज सकाळी बॉनेट उघडून मला फडक्यानं पुसायचा आणि दसऱ्याला माझ्या कपाळावर झेंडूचं फूल ठेवायचा. इंजिनाला, चाकांना सगळेच हार घालतात. कार्ब्युरेटरला फूल वाहणारा माणूस मी तो एकच पाहिला.

लढाई संपली तरी पेट्रोलचं रेशन होतंच. कूपनावर मिळायचं ते गंजक्या पिंपांतून, कचरा आणि पाण्यासकट. कचऱ्याचा कण जेटमध्ये अडकला की मोटार रस्त्यातच आचके देऊन थांबायची. मग सहदेव जेट काढून ओठांना लावायचा आणि जोरानं फुंकायचा. तोंडात पेट्रोल जायचं, तो थुंकायचा, पुन्हा फुंकायचा. कण उडून जायचा.

एकदा मात्र कण काही केल्या निघेना. मोटार भरलेली, एकाला मुरबाडच्या कचेरीत तारीख, एक बाई माहेरी बारशाला निघालेली. लोक कुरकुरायला लागले. सहदेवाच्या घरी स्टोव्ह होता, आणि स्टोव्हचं भोक बुजलं की पिनेनं टोचायचं हे त्यानं रोज पाहिलेलं. त्यानं टोपीला हात लावला. टोपीच्या अस्तरात त्याच्या बायकोची, कलावतीची, गोधडीची सुई खोवलेली होती. सीटचं फाटलेलं रेक्झिन शिवायला त्यानं ती आणली होती. ती जाड पोलादी सुई त्यानं माझ्या जेटमध्ये घातली आणि फिरवली.

मित्रांनो, मी सुन्न झालो. ज्या भोकाला कारखान्यात कुणी काडीही लावू देत नव्हतं, त्यात पोलाद फिरत होतं, आणि फिरवणारा कोण, तर मला फूल वाहणारा. पण कण निघाला. मोटार सुरू झाली, नेहमीपेक्षा जोरात. चढावर तर अशी पळाली की मागून कुणीतरी म्हणालं, "वा सहदेवा, आज घोडं चांगलंच सुटलंय."

तेवढ्यावरच बिघडलं. सहदेवाला वाटलं, औषध सापडलं. दुसऱ्या दिवसापासून तो रोज सकाळी, न चुकता, पहिल्या फेरीआधी माझ्या गळ्यातल्या जेटमध्ये सुई फिरवायला लागला. पितळ मऊ, पोलाद कठीण. सुई टोकाला बारीक आणि मागे जाड. ती रोज थोडी पुढे जायची. आणि कबूल करायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं. गळा मोकळा वाटायचा, मोटार ओढायची, लोक वाखाणायचे. पहिल्या दिवशीचा धक्का मी विसरूनही गेलो.

तीनेक महिन्यांनी एका दुपारी मोटार दुसऱ्या फेरीत मुरबाडहून परतायला निघाली आणि दोन मैलांवरच थांबली. टाकी कोरडी. सहा गॅलनमध्ये दोन फेऱ्या व्हायच्या, त्या दिवशी दीडच झाली. लोक शिव्या देत उन्हातून चालत गेले. आठवडाभर रोज तेच झालं तेव्हा त्र्यंबकरावांनी सहदेवाला सगळ्या उतारूंसमोर विचारलं.

"सहदेव, माझं पेट्रोल जातं कुठे?"

"मालक, मला ठावं न्हाई."

"ठाऊक नाही कसं? गाडी तू चालवतोस, टाकी तू उघडतोस. बाजारात काळ्या भावानं काय मिळतं त्याचं, ते तरी ठाऊक असेल."

सहदेवानं हात जोडले. "मालक, खंडोबाचा बेलभंडारा उचलतो. थेंब घेतला असंल तर हात झडंल माझा."

"बेलभंडाऱ्यावर मोटार चालत नाही," त्र्यंबकराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टाकीला कुलूप आलं. किल्ली त्र्यंबकरावांच्या जानव्याला. पेट्रोल ते स्वतः उभं राहून भरायचे, स्वतः कुलूप लावायचे. आणि तरीही मोटार दीड फेरीतच कोरडी. त्र्यंबकराव चक्रावले. सहदेव तर घाबरूनच गेला, कुलूपबंद टाकीतून पेट्रोल नेतंय तरी कोण? मीही घाबरलो. मला वाटलं, खरंच कुणीतरी चोर आहे. मी कंडक्टरवर संशय घेतला, मुरबाडच्या चहावाल्यावर घेतला. माझ्या गळ्यातून पेट्रोलचा लोंढा वाहत होता आणि मी चोर बाहेर शोधत होतो.

शेवटी त्र्यंबकरावांनी ठरवलं, सहदेवानं दुसरी किल्ली करून घेतली आहे. रेशनचं पेट्रोल काळ्या बाजारात विकणं म्हणजे सरळ तुरुंग, आणि लायसन्स गेलं म्हणजे ड्रायव्हरचे हातच तुटले. त्यांनी हवालदाराला बोलावणं धाडलं. पुरावा पक्का व्हावा म्हणून ठाण्याहून विठ्ठल मिस्त्रींनाही आणवलं. मिस्त्रींनी टाकी ठोकून पाहिली, नळी चाचपली. "गळती कुठंच नाही," ते म्हणाले. झालं. हवालदारानं वही काढली. सहदेव मोटारीच्या पायरीवर बसला होता, हातात टोपी घेऊन.

तेवढ्यात कलावती भाकरी घेऊन आली. नवरा असा बसलेला, समोर हवालदार. ती त्र्यंबकरावांच्या आवाराच्या फाटकातच थबकली.

"काय झालं?" तिनं विचारलं. त्र्यंबकरावांनी तुटकपणे सांगितलं. कलावती रडली नाही. ती मोटारीच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिली. रोज सकाळी मोटार तिथंच सुरू व्हायची. चुन्यानं रंगवलेली ती भिंत कमरेएवढ्या उंचीवर काळीकुट्ट झाली होती.

"ही भित कवापास्नं काळी झाली?" ती म्हणाली.

"धुरानं होणारच," त्र्यंबकराव म्हणाले.

"आदी न्हवती. मी रोज येती न्हवं भाकर घिऊन." ती मिस्त्रींकडे वळली. "दादा, माजा स्टोव्ह अस्साच काजळतो. टोचून टोचून भोक मोट्टं झालं की जाळ पिवळा पडतो, भांडी काळी व्हत्यात, आन् राकेल दुप्पट लागतं. मग भोकाचा निपलच बदलावा लागतो. ह्या मोटारीलाबी असं कायी आस्तं का?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "सहदेव, जेट कशानं साफ करतोस?"

सहदेवानं टोपीच्या अस्तरातून सुई काढून दाखवली. "हिनं. रोज सकाळी, न चुकता." हे सांगताना त्या अवस्थेतही त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"माजी सुई," कलावती पुटपुटली. "चार म्हैनं झालं शोधती."

मिस्त्रींनी आपल्या पेटीतून माझ्याच नंबराचा कोरा जेट काढला आणि त्यात सुई घातली. ती अर्ध्यात अडकली. मग त्यांनी माझा जेट काढला आणि सुई त्यात नुसती सोडली. ती नेढ्यापर्यंत खाली गेली आणि आत डगडगत राहिली.

सगळे त्या सुईकडे बघत होते. हवालदाराची पेन्सिल वहीवर तशीच राहिली. मला कारखान्यातली ती बाई आठवली, मोडीचा डबा आठवला. कुलूपबंद टाकीतलं पेट्रोल नेणारा मीच होतो. पंधराला एकाचं माप सोडून मी सव्वापटीहून जास्त पीत होतो, अर्धंमुर्धं जाळत होतो आणि उरलेलं काळा धूर करून भिंतीवर थुंकत होतो. आणि माझ्यापायी तुरुंगात कोण निघालं होतं, तर माझा सहदेव. तेव्हा मी बसल्या जागी वितळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

सहदेव सुईकडे बघतच राहिला. "म्हंजे मीच," एवढंच तो बोलला.

त्र्यंबकराव जानव्याला बांधलेल्या किल्लीची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. शेवटी ते तसेच म्हणाले, "सहदेव, माझं चुकलं. चारचौघांत तुला चोर म्हटलं, आता चारचौघांतच सांगतो. कुलूप काढून टाक."

"ऱ्हाऊ द्या कुलूप, मालक," सहदेव म्हणाला. "पर ह्या जेटला आता दुसऱ्या कुनाचा तरी हात लागू द्या. माझ्या हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई."

तो धक्का मला सगळ्यांत मोठा बसला. नवा जेट आला, धूर गेला, दोन फेऱ्या पुन्हा सहा गॅलनमध्ये व्हायला लागल्या. सहदेव मोटार चालवायचा, पण बॉनेट उघडेना. त्या दसऱ्याला मला फूल मिळालं नाही.

मग एकदा मुरबाडच्या अलीकडे, आसपास ना गॅरेज ना मिस्त्री अशा जागी, जेट पुन्हा बुजला. सहदेव बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग त्यानं ते उघडलं. जेट काढला, ओठांना लावला आणि फुंकला. थुंकला. पुन्हा फुंकला. पाचव्या फुंकरीला कण उडाला. त्यानं फडकं काढून मला पुसलं, कितीतरी महिन्यांनी.

पुढे त्या रस्त्यावर एसटी आली, आमची मोटार मोडीत निघाली आणि मिस्त्रींनी मला आठवण म्हणून ठाण्याला आणलं. मित्रांनो, यंत्रावर माया करा, पण ती कशी करायची हे आधी विचारून घ्या. बारीक भोक टोचू नका, फुंका. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी आमच्यासारख्या मुक्यांचा गळा एकदा तपासा. माझा तो जुना जेट मिस्त्रींनी गॅरेजच्या दाराला खिळ्यावर टांगून ठेवला आहे. कधी इकडे आलात तर गोधडीची सुई घेऊन या आणि स्वतः घालून बघा.