हिरवी गाडी नव्हतीच

बाबांचं लायसन्स रद्द झालं.

नाही झालं. वरचं वाक्य मी लिहिलं नाही, तुम्ही वाचलं नाही. आमच्या घरची ही पद्धत आहे. एखादी गोष्ट फारच अंगाशी आली की घरातल्या कुणीतरी म्हणायचं, "हे झालंच नाही," आणि मग ती झालीच नाही. शाळेतला माझा गणिताचा शेवटचा पेपर झालेला नाही. फोन ठेवलाय असं समजून आई मावशीच्या नवऱ्याला "मठ्ठ" म्हणाली, तेही झालेलं नाही. काकांनीसुद्धा ते मान्य केलं, म्हणजे आई काही चुकीचं बोलली नव्हती.

तेव्हा सोमवारपासून सुरुवात करू. सोमवारी सगळं ठीक होतं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

बाबा सत्तरीचे. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. हत्यारांची पेटी घेऊन इमारती-इमारतींत फिरायचं म्हणून गाडी लागायची, आणि त्यामुळे त्यांच्या डोक्यात सालं नाहीत, गाड्या आहेत. त्यांचं लग्न क्रीम गाडीच्या सुरुवातीला झालं. तिचं आईच्या बाजूचं दार उघडायचं नाही, म्हणून आई लग्नाच्या दिवशीही बाबांच्या सीटवरून सरपटत आत गेली. मी पांढऱ्या गाडीतली. म्हणजे तिच्या काळातली. प्रत्यक्ष गाडीतली व्हायचं थोडक्यात टळलं. ती गाडी डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजायचा, म्हणून बाबा फक्त उजवीकडे वळायचे. हॉस्पिटल डावीकडे होतं. "तीनदा उजवीकडे वळलं की आपोआप डावीकडेच जातो आपण," हे बाबा आईला कळा सुरू असताना समजावून सांगत होते. घरात मला हॉर्न म्हणतात. त्याचा गाडीशी संबंध नाही, असं आई म्हणते.

मग निळी आली. तिचा हीटर बंद व्हायचा नाही. ऐन उन्हाळ्यात आम्ही कुणाच्याही घरी उकडून पोचायचो. आणि आता करडी. तिच्यात काहीच बिघडत नाही, त्यामुळे तिच्याबद्दल कुणाला काही आठवत नाही.

गाडी विकली तरी बाबा तिची एक किल्ली ठेवून घ्यायचे. दाराशेजारी पाच खिळे आहेत. किल्ल्या चार. पांढरी आणि निळी यांच्या मधला खिळा रिकामा. "तो चुकून ठोकला," असं आई सांगते. आमच्याकडे चुकून ठोकलेला खिळा कुणी उपटत नाही, म्हणून मीही कधी जास्त विचारलं नाही.

तर सोमवारी लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डॉक्टरांची तपासणी होती. काळजी मला आधीपासूनच होती. मागच्या महिन्यात बाबांनी खाली जाऊन तासभर गाडी धुतली. ती शेजाऱ्यांची होती. तेव्हापासून शेजारी दर रविवारी गाडी आमच्या जागेत आणून लावतात.

परवाना कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये बाबांनी भिंतीला कान लावला. "ही दुसऱ्या मजल्यावर हुंदका देते," ते म्हणाले. दिला.

डॉक्टर माझ्याच वयाच्या होत्या. "काका, आता कुठलं साल चालू आहे?"

"करड्या गाडीचं अकरावं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण हिशोब बरोबर होता.

"आजवर किती गाड्या होत्या तुमच्याकडे?"

"पाच. क्रीम, पांढरी, हिरवी, निळी, करडी."

डॉक्टरांनी समोरचा कागद उलटा-सुलटा केला. "नोंदीत चारच आहेत. हिरवी नाहीये."

मी हसले. कुणीतरी हसायला हवं होतं. आई भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडे इतकी टक लावून बघत होती, की तिने सगळ्यात खालची ओळ वाचली असणार.

बाबांना रक्तदाबासाठी पलीकडे पाठवून डॉक्टर आम्हाला म्हणाल्या, "असलेलं विसरणं वेगळं. नसलेलं आठवायला लागलं की मला लायसन्स थांबवावं लागतं. गुरुवारी या. हिरवी गाडी खरंच होती असं काही दाखवता आलं, तर मी लगेच सही करते."

घरी येऊन मी सगळे अल्बम पालथे घातले. हिरवा स्वेटर सापडला, हिरवी बादली सापडली. एका फोटोत मी उकाड्याने हिरवीनिळी पडले होते, निळ्या गाडीतून उतरल्यावर. गाडी नाही. नखं खाऊन संपली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले.

"आई, हिरवी गाडी कुठली गं?"

"कुठली हिरवी?"

"तेच तर विचारतेय!"

आईने धुतलेली भांडी परत धुवायला घेतली. दोन दिवस आमच्या घरात भांडी फार स्वच्छ होती.

बुधवारी दुपारी तिने बटणांचा डबा माझ्यासमोर पालथा केला. दोनशे बटणं आणि एक वाकडी किल्ली.

"माझ्या नावावर होती," ती म्हणाली. "तुझे बाबा मला शिकवत होते. तू दीड वर्षाची होतीस. अकराव्या दिवशी मी एकटीच निघाले, यांचा डबा द्यायला. एका ऑफिसात लिफ्ट दुरुस्त करत होते ना."

"मग?"

"मग काय, ब्रेक म्हणून दुसरंच दाबलं. काचेचं दार गेलं. तिथे कुणी नव्हतं, नशीब. गाडी जाऊन थांबली ती थेट लिफ्टसमोर. तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. आत तुझे बाबा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'कितवा मजला?'"

मला हसू आवरेना. आईला आवरलं.

"माझे हात स्टिअरिंगवरून सुटेचनात गं. तेव्हा म्हणाले, 'हे झालंच नाही. जन्मात कुणाला कळणार नाही.' गाडी भंगारात गेली. परत मी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि त्यांनी चकार शब्द काढला नाही. सोमवारपर्यंत."

म्हणजे बाबांना नसलेलं काही आठवत नव्हतं. गाडी होती, आणि ती त्यांच्या लक्षात होती. ती विसरायची असं ठरलंय, एवढंच ते विसरले होते. यावर आनंद मानायचा की रडायचं, हे मला कळेना, म्हणून मी बटणं भरत बसले.

"उद्या मी सांगते डॉक्टरांना," आई म्हणाली. "माझी लाज इतकी वर्षं सांभाळली त्यांनी. आता त्यांचं लायसन्स मी सांभाळते."

गुरुवारी आईने वाकडी किल्ली टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, काचेच्या दारासकट. "कितवा मजला"पाशी डॉक्टर हसल्या. कॉम्प्युटरवर आईचं नाव टाकलं. निघाली गाडी. हिरवीच. डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. मी श्वास सोडायच्या बेतात होते.

"वा! म्हणजे काका, ही हिरवी गाडी काकूंची होती तर!"

बाबांनी किल्लीकडे पाहिलं. मग आईकडे. आईचे कान लालबुंद झाले होते.

"कुठली हिरवी गाडी?" बाबा म्हणाले.

"अहो!" आई म्हणाली.

"काका, सोमवारी तुम्हीच म्हणालात ना, पाच?"

"मी? छे! चारच गाड्या आमच्याकडे. आणि आमच्या हिने कधी गाडी चालवलीच नाही, मग ठोकेल कशी? उगाच बाईमाणसाच्या नावावर काहीतरी."

"अहो, मीच सांगतेय ना! सांगा त्यांना!"

"तू गप्प बस गं. काही झालेलं नाही."

डॉक्टरांनी टोपण परत लावलं. हळूच लावलं, पण आवाज आला.

बाबांनी मला डोळा मारला असता, तर मी आज सुखाने झोपले असते. मी पापणी न लववता बघत होते. नाही मारला.

लिफ्टमध्ये मी विचारलं, "बाबा, खरंच आठवत नाही? की आईसाठी बोललात?"

त्यांनी भिंतीला कान लावला आणि बोट वर केलं. "थांब. आता देईल बघ हुंदका."

दुसरा मजला आला. लिफ्टने काही आवाज केला नाही. आवाज आला तो आईचा. मग ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "हे झालंच नाही."

"काय?" बाबांनी विचारलं.

आता करडी मी चालवते. बाबा शेजारी बसून दर चौकात "उजवीकडे घे" म्हणतात, आणि मी घेते. वाकडी किल्ली पांढरी आणि निळीच्या मधल्या खिळ्यावर आहे. कुणी टांगली ते कुणी कबूल करत नाही. आणि मी हा अर्ज पाठवला आहे:

प्रति, मा. परवाना अधिकारी यांस.

विषय: वडिलांच्या परवान्याबाबत.

महोदय, गुरुवारचा आपला निर्णय झालाच नाही असे समजण्यात यावे, ही नम्र विनंती. नियमात तशी तरतूद नसल्यास, माझ्या वडिलांना फक्त हिरव्या गाडीपुरता परवाना मिळावा. सदर गाडी भंगारात गेलेली असल्याने तिच्यापासून कोणासही धोका नाही. शेजारच्या आसनावर माझी आई बसेल. वडील फक्त उजवीकडे वळतील, असे हमीपत्र देण्यास मी तयार आहे. तसेच सदर गाडी वडिलांना आठवते किंवा कसे, याची विचारणा त्यांच्याकडे यापुढे कोणत्याही कार्यालयाने, आणि अर्जदारानेही, करू नये, असा लेखी आदेश कृपया लवकरात लवकर व्हावा.