ओल्या फडक्याची हुशारी

शाळेच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्यावर बापमंडळी भिंतीला टेकली, आया आपापली पोरं पुढे रेटत राहिल्या. व्यासपीठावर टेबल, टेबलावर काळी पेटी, पेटीवर पितळेच्या दोन पट्ट्या आणि मागे मोठा पडदा. पोरानं दोन तळहात दोन पट्ट्यांवर ठेवायचे. मग पडद्यावर एक खांब चढायला लागायचा. खाली लाल, मध्ये पिवळा, वर हिरवा. जितका वर, तितकी बुद्धी.

बेकरीवाल्याचा मुलगा पंधरा दिवसांपूर्वी लाल होता. आज त्यानं हात ठेवले आणि खांब सरसर हिरव्यात गेला. बेकरीवाला रडायला लागला. शेजारचा माणूस त्याची पाठ थोपटत म्हणाला, "आता रडतोस कशाला, आता तर तो तुझा हिशोब तपासेल."

पेटीचे मालक काळ्या कोटातले एक सर होते. कशाचे सर, ते कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणत, "मेंदू म्हणजे वीजघर. लेकराच्या वीजघरात उजेड आहे की अंधार, हे आईला कळत नाही, शिक्षकाला कळत नाही. यंत्राला कळतं. कारण यंत्राला नातेवाईक नसतात." टाळ्या पडत. बुद्धी वाढवायला त्यांचा संध्याकाळचा वर्ग होता. तिथे पोरांनी कानांना हेडफोन लावून डोळे मिटायचे आणि एक गुणगुण ऐकायची. पंधरा दिवस गुणगुण ऐकली की लाल पोर हिरवं. समोर दिसत होतं, नाही कसं म्हणणार?

मुख्याध्यापकांनी ठरवूनच टाकलं होतं. हिरव्या पोरांना संगणक खोली आणि प्रत्येकी एक टॅब. लाल राहतील त्यांनी मागच्या शेडमध्ये बसून कागदी पिशव्या चिकटवायच्या. त्याला नाव दिलं होतं 'कौशल्य वर्ग'.

माझी नात ठिपकी रांगेत तेरावी होती. गालावर तीळ आहे म्हणून ठिपकी. पहिल्या चाचणीत ती लाल आली होती. पण आम्ही फारसे घाबरलो नव्हतो. निम्मी शाळा लाल होती. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, तिला गुणगुणीच्या वर्गाला घातलं. आज ती हिरवी होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

आम्ही बापलेक लॉन्ड्रीत काम करतो. हॉस्पिटलच्या चादरी. तो धुतो, मी इस्त्री करतो. शाळा सुटली की ठिपकी चादरी खळबळायला हात लावते. सोड्यानं तिचे तळवे फुटलेत, बोटांच्या पेरांवर भेगा आहेत. मी त्यांना मेण आणि तेलाचं मलम चोळतो. त्या सकाळी तर जरा जास्तच चोळलं. म्हटलं, एवढ्या लोकांसमोर हात दाखवायचे, जरा मऊ दिसू देत.

ठिपकीची पाळी आली. काळ्या कोटवाल्यानं प्रत्येक पोराचे तळहात पुसले होते तसे तिचेही पुसले. "जंतू नकोत," असं म्हणून तो एका डब्यातलं ओलं फडकं फिरवायचा. तिच्या तळव्यावर पाण्याचे मणी उभे राहिले आणि ओघळून गेले, ताडपत्रीवरून जातात तसे. ते मी पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं.

तिनं हात ठेवले. खांब हलला नाही.

"नीट दाब, बाळ."

तिनं दाबले. बोटं पांढरी पडली. खांब लाल रेघेच्याही खाली.

"अजून एकदा बघू का, सर?" ठिपकीनं विचारलं.

तीनदा बघितलं. मग कोटवाला माइक तोंडाशी नेऊन हळू आवाजात म्हणाला, "हजारात एक केस अशी असते. इथे मेंदूतली तारच तुटलेली आहे. जन्मापासून. पालकांनी मन घट्ट करावं."

आणि गंमत बघा. एक पोरगी नापास झाली म्हणून बाकीच्यांचा विश्वास दुप्पट झाला. यंत्र खोटं असतं तर तिलाही पास केलं असतं की, असं लोक जिने उतरताना बोलत होते.

माझ्या मुलानं त्याच संध्याकाळी शाळेच्या कागदावर सही केली. शेडसाठी नव्हे, नाव काढण्यासाठी.

"पिशव्याच चिकटवायच्या तर शाळेत कशाला? लॉन्ड्रीत धुईल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, चादरींच्या गाठोड्यांवरच्या चिठ्ठ्या मला वाचायला कोणी शिकवल्या? साठी उलटलेल्या माणसाला अक्षर लावायला शिकवणारी पोर ढ असते का?"

"बाबा, तुम्ही आजोबा आहात. तुम्हाला ती हुशारच दिसणार. यंत्राला..."

"यंत्राला नातेवाईक नसतात. ऐकलंय मी ते."

त्याचं तोंड बघवत नव्हतं. ठिपकीची आई ताट पुढे सरकवत होती आणि ठिपकी ते परत सरकवत होती. असं दोन दिवस चाललं. आमच्या गाठोड्यांच्या चिठ्ठ्या ती मधल्या सुट्टीत संगणक खोलीत टाइप करून छापून आणायची. उरलेल्या चिठ्ठ्या तिनं मोजून माझ्या हातात दिल्या. म्हणाली, "जपून वापरा. आता नवीन नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी इस्त्रीच्या खोलीत आलो, तर ती माझ्या स्टुलावर बसलेली. जुन्या इस्त्रीची वायर तिनं कापली होती. उघडी तार एका हातात, दुसरा हात भिंतीवरच्या बटणाकडे.

मी कसा पोचलो, मला आठवत नाही. प्लग उपटला आणि तिचा हात धरला.

"काय करत होतीस?"

"तार तुटलीय ना," ती डोक्याला हात लावून म्हणाली. "वीज दिली तर जुळते का, बघत होते."

तिचा हात माझ्या हातातून निसटत होता. मलमानं. मीच चोळलेल्या मलमानं.

तिला हाताला धरून मी तसाच विज्ञानाच्या बाईंच्या घरी गेलो. बाईंचा पहिल्यापासून यंत्राला विरोध होता, पण मुख्याध्यापकांनी त्यांना पेटीला हातही लावू दिला नव्हता. वर 'जुन्या विचारांच्या' म्हणून हिणवलं होतं. बाईंनी सगळं ऐकलं. ठिपकीला जवळ घेतलं आणि तिचे तळवे उलटसुलट बघत राहिल्या.

"काका, हाताला काय लावता हिच्या?"

"मेण आणि तेल."

"त्या दिवशी लावलं होतं?"

"जरा जास्तच."

"आणि तो हात पुसत होता? कशानं?"

"ओल्या फडक्यानं. हिच्या हातावर पाणी थांबलंच नाही, मणी होऊन गळून गेलं."

बाई उठल्या. म्हणाल्या, "उद्या हिरव्या-लालची यादी लावणार आहेत. तुमच्या मुलाला घेऊन या. आणि ते मलम आणि लॉन्ड्रीतलं एक फडकं आणा. फरशी पुसायचं असलं तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा भरलेलं. बाई सरळ व्यासपीठावर चढल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?"

"सर, माझीही बुद्धी मोजून घ्यावी म्हणते. मोजून घेतल्याशिवाय पोरांना शिकवायचं कसं?"

लोक हसले, त्यामुळे त्यांना उतरवता येईना. बाईंनी कोरडे हात ठेवले. पिवळा. मग माझ्याकडून मलम मागून तळव्यांना चोळलं आणि पुन्हा ठेवले. खांब तळाला गेला.

"बघा, पाच मिनिटांत माझीही तार तुटली," बाई म्हणाल्या.

कोटवाला पुढे आला. "मॅडम, यंत्र नाजूक आहे."

"एकच चाचणी राहिलीय. काका, तुमच्या बादलीतल्या पोराला पाठवा."

मी बादलीतून फडकं काढलं. राखाडी, भोकं पडलेलं, वीस वर्षं फरशी पुसलेलं. बाईंनी ते बरोबर आणलेल्या मिठाच्या पाण्यात बुचकळून दोन्ही पट्ट्यांवर पसरलं. खांब सरळ वर गेला, हिरव्याच्या टोकाला जाऊन थांबला, आणि पेटीतून गोड आवाज आला: "अभिनंदन. असामान्य बुद्धिमत्ता. भावी शास्त्रज्ञ."

मागून कोणीतरी म्हणालं, "याला टॅब द्या."

मग बाईंनी सांगितलं. पेटीत एक लहानशी बॅटरी आहे. हातांमधून किती वीज जाते, एवढंच ती मोजते. ओल्या हातातून जास्त, कोरड्यातून कमी, मेणाच्या हातातून जवळजवळ नाहीच. पहिल्या चाचणीला या कोटवाल्यानं हात पुसले नव्हते. दुसऱ्या चाचणीला मिठाच्या पाण्यानं पुसले. गुणगुणीनं काही झालं नाही, जे झालं ते फडक्यानं. बाईंनी कोटवाल्याच्या डब्यातलं पाणी बोटावर घेऊन मुख्याध्यापकांपुढे धरलं. मुख्याध्यापकांनी चाखलं नाही. बेकरीवाल्यानं चाखलं, आणि मुलाचा हात धरून खाली बसला. कोटवाला पेटी सोडून मागच्या दारानं गेला.

माझा मुलगा ऑफिसच्या दारात उभा राहिला. कारकून म्हणाला, नाव काढायचा अर्ज पुढे गेलाय, उद्या या. तो म्हणाला, "मी इथेच आहे." कागद परत हातात येईपर्यंत तो हलला नाही.

ठिपकी आज संगणक खोलीत जाते. चिठ्ठ्याही छापते. पण सगळं नीट झालं, असं मी लिहिणार नाही. उत्तर लिहिण्याआधी ती अजून तळहात फ्रॉकला पुसते, मग कागदाला लावते. खांबाला खोटं बोलायला अर्धं मिनिट लागलं. ते तिच्या हातांतून काढायला किती लागेल, मला ठाऊक नाही.

यंत्रांशी माझं वैर नाही. माझी इस्त्री यंत्रच आहे, आणि संगणकानं छापलेली चिठ्ठी मला माझ्या अक्षरापेक्षा चांगली वाचता येते. पण तुमच्या लेकराची लायकी सांगणारी पेटी घेऊन कोणी दारात आला, तर पोराचा हात पुढे करण्याआधी विचारा, ही नेमकं काय मोजते. त्यानं उत्तर दिलं नाही, तर आधी एक ओलं फडकं ठेवून बघा.