डाव्या पायाची ठिगळं

मी एक जुना लाकडी पाय आहे. दचकू नका, मित्रांनो! मी कुणाच्या गुडघ्याखाली कधी लागलो नाही आणि आयुष्यात एक पाऊलही चाललो नाही. हाताने जोडे शिवणारे कारागीर आधी गिऱ्हाइकाच्या पावलासारखं लाकडाचं पाऊल कोरतात आणि मग त्यावर चामडं ताणून जोडा घडवतात. तसला मी साचा. डावा. माझा उजवा भाऊ शेजारच्याच खुंटीला लटकतो.

ज्या कारखान्यात मी जन्मलो तो कारखाना म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी टेबल, कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर पाण्याची किटली आणि भिंतभर आमच्यासारखे लाकडी पाय, जोडीजोडीने. मालकिणीला सगळे काकू म्हणत. ती परदेशातून सून म्हणून इथे आली आणि सासऱ्यांच्या हाताखाली हे काम शिकली. सासरे गेले, पण त्यांचा नियम तिने मोडला नाही: पाय डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जोडा नाही. फोनवर माप नाही, पत्राने माप नाही. जोडा हवा ना, मग या! त्यामुळे लोक विमानात बसून यायचे.

माझ्या बाईही तशाच आल्या. काकूच्या माहेरच्या देशातल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या. लहानपणी त्यांचा डावा पाय मोडला होता आणि वाकडाच जुळून आला होता. दुकानातला कोणताही जोडा त्या पायाला धड बसत नसे. बाई सहा तास फळ्यापाशी उभ्या राहून शिकवत आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात बुडवून बसत. शेवटी शाळेच्या मोठ्या बाईंनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "नव्या सत्रापासून उभं राहणं जमणार नसेल, तर वर्ग सोडा आणि सामानाच्या खोलीची नोंदवही सांभाळा." सत्र सुरू व्हायला तीन महिने होते. रजा मिळाली होती आठ दिवसांची.

सोबत धाकटी बहीण होती. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं.

"काकू, हिला नीट मोजा हं," ती आल्या आल्या म्हणाली. "आठातले दोन दिवस विमानतळावरच्या खुर्च्या मोजण्यात गेलेत."

"तू गप्प बस गं," बाई म्हणाल्या.

काकूने कागद अंथरला, बाईंना त्यावर उभं केलं आणि पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढली. मोजपट्टीने चवडा मोजला, पायाची पाठ मोजली, टाच मोजली. बाई अगदी ताठ उभ्या होत्या, शाळेच्या फोटोत उभं राहतात तशा.

त्या मापावरून मी झालो. रंध्याने आणि कानशीने काकूने मला दोन दिवस घासलं. मी काय दिसत होतो म्हणून सांगू! सडपातळ, गुळगुळीत, कुठे गाठ नाही, कुठे फुगवटा नाही. उजवा भाऊ माझ्या शेजारी पोळपाटासारखा दिसायचा. मी त्याला तसं म्हटलंही.

आमच्यावर आधी कच्चा जोडा शिवला गेला. कच्चा जोडा म्हणजे स्वस्त चामड्याचा, फक्त घालून बघायचा. चुका असतील त्या तिथे सापडाव्यात, खऱ्या जोड्यात नकोत. पाचव्या दिवशी काकूने तो बाईंच्या पायात चढवला. मी टेबलावर पडून बघत होतो.

बाई चार पावलं गेल्या आणि चार पावलं परत आल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "अगदी छान."

"कुठे टोचतंय?"

"छे, कुठेच नाही."

"ताई, तुझे कान लाल झालेत," बहीण म्हणाली. "काकू, हिच्यावर विश्वास ठेवू नका. ही गेली वीस वर्षं प्रत्येक दुकानदाराला 'छान आहे' म्हणतेय आणि घरी येऊन जोडा माळ्यावर फेकतेय. आमचा माळा म्हणजे जोड्यांचं दुकान झालंय!"

बाई रागावल्या, पण काकूचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. तिने दाराशी काढलेले बाईंचे जुने जोडे उचलले आणि उलटे करून उजेडात धरले. उजव्याचा तळवा पार झिजला होता. डाव्याची टाच मात्र जवळजवळ नवी.

"बाई, तुमचा डावा पाय जमिनीला भेटतच नाही," काकू म्हणाली. "परवा माप घेतानाही तुम्ही तो नुसता टेकवला होता. सगळा भार उजव्यावर. चुकलं माझंच. मी कागदाकडे बघत बसले, तुमच्याकडे बघितलंच नाही."

मग बाई हळूच म्हणाल्या, "भार टाकला की मी हेलकावते. वर्गातल्या मुली माझ्या चालण्याची नक्कल करतात. मी ऐकलंय त्यांना हसताना. सवयच झाली हो, कुणी बघत असलं की पाय उचलून धरायची."

"पुन्हा माप घेऊ," काकू म्हणाली.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच! बाई कितीही ठरवोत, पेन्सील जवळ आली की डावा पाय हलका व्हायचा. तीनदा रेघ काढली, तिन्ही वेळा पाऊल अरुंदच आलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीचं विमान तीन दिवसांवर होतं आणि या मापाचा जोडा म्हणजे माळ्यावर आणखी एक.

काकूने पेन्सील कानावर खोचली. "राहू दे. चहाला वेळ आहे, तोवर आम्हाला काहीतरी शिकवा."

"काय?"

"शिकवा की! मी सातवीत शाळा सोडली. ही किटली बघा, तीस वर्षं माझ्यासमोर हिचं झाकण थडथड उडतंय. का उडतं?"

बाईंनी आधी नाही म्हटलं, मग किटलीकडे बघितलं, मग राहवेना. त्या उठल्या. वाफ जागा कशी मागते ते सांगू लागल्या. काकूने मुद्दामच एक वेड्यासारखा प्रश्न विचारला, तशा बाई पुढे सरसावल्या, हात वर गेले, आवाज चढला. बहिणीनेही विचारलं, "मग आमच्या घरचं झाकण का नाही उडत?" "कारण तुला पाणी उकळेपर्यंत धीर कुठे असतो!" बाई म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. पंधरा मिनिटांत त्या कुठे उभ्या आहेत हेच विसरल्या. दोन्ही पाय जमिनीवर आले. डावा तर चांगला ऐसपैस पसरला, आतल्या बाजूला झुकला आणि शरीर त्याच्यावर बिनधास्त हेलकावू लागलं.

काकू गुडघ्यांवर बसली. बाई एका पायावर झुकल्या की दुसऱ्याखाली कागद सरकवत तिने दोन्ही पावलांखाली कागद घातले आणि रेघ काढली. बाई बोलतच होत्या.

मित्रांनो, त्या रेघेने माझी अब्रू गेली. मी एक बोट आखूड आणि दीड बोट अरुंद निघालो. लाकूड घासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. काकूने चामड्याचे तुकडे कापले आणि सरसाने माझ्या अंगावर चिकटवले. एक चवड्याला, दोन आतल्या बाजूला, एक टाचेला, एक अंगठ्याच्या पुढे. पाच ठिगळं! परवापर्यंत मिरवणारा मी बटाट्यासारखा दिसू लागलो.

"पोळपाट बरा," उजवा भाऊ एवढंच म्हणाला.

मला त्याचं वाईट वाटलं असेलही, पण आता आठवत नाही. लाकूड फार दिवस काही मनात ठेवत नाही. एवढं मात्र आठवतं की परत निघायच्या आदल्या दिवशी नवा कच्चा जोडा घातल्यावर बाई 'छान आहे' म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "करंगळीपाशी थोडं टोचतंय." काकूला एवढा आनंद झाला की तिने त्यांना मिठीच मारली. माझ्यावर सहावं ठिगळ चढलं.

खरा जोडा त्या गेल्यावर तयार झाला. तो कित्येक आठवडे माझ्या अंगावर वाळला आणि सत्र सुरू व्हायच्या चार दिवस आधी त्यांच्या घरी पोचला. नंतर पत्र आलं. त्यात एकच ओळ होती: "सहा तास, सगळे उभ्याने." काकूने ते मोठ्याने वाचलं आणि येता-जाता मला सगळ्यांना दाखवलं. त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं.

साचा असला की गिऱ्हाइकाला पुन्हा यावं लागत नाही. दर दोन-तीन वर्षांनी बाईंचे जोडे तळवा बदलायला येत आणि ते पुन्हा आमच्यावर चढत. शिवणीत खडूची भुकटी असायची. दोन्ही टाचा सारख्या झिजलेल्या असायच्या. असे सहा वेळा आले. मग बाई निवृत्त झाल्या असाव्यात, कारण सातव्यांदा काही आलं नाही.

आता काकू थकली आहे. तिची सून काम बघते. ती हुशार आहे, पण तिच्याकडे पाय मोजायचं यंत्र आलंय आणि आमच्या भिंतीवर धूळ साचते. परवा तिने माझी ठिगळं सोलून मला एका सडपातळ पायाच्या गिऱ्हाइकासाठी वापरायचं ठरवलं होतं. काकू खुर्चीतूनच ओरडली, "त्याला हात लावू नकोस! माप कसं घ्यायचं ते मला त्याने शिकवलंय." सुनेने मला पुन्हा खुंटीला अडकवलं. धूळ मात्र पुसली नाही.

म्हणून मित्रांनो, माझी मागणी छोटीच आहे. घरात जुनी हत्यारं, जुने साचे असतील, तर वर्षातून एकदा तेलाचं फडकं फिरवा त्यांच्यावरून. आणि तुमचं माप घ्यायला कुणी गुडघे टेकून बसलं, तर त्याच्यासमोर फोटोतल्यासारखे उभे राहू नका. सगळा भार टाका. टोचत असेल तर टोचतंय म्हणा. ठिगळं लागली तर लागू द्यात. माझी बघा, इतकी वर्षं झाली, करंगळीचं एक जरा सुटलंय, बाकी सगळी घट्ट आहेत.