ह्यांचं मत

लिफ्टवाले काका हल्ली चोरासारखे जिन्याने ये-जा करत. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस गुडघे धरून पाचवा मजला चढतो, म्हणून लोक हसत. पण लिफ्टमध्ये माणसं भेटतात, आणि माणसं भेटली की मालिकेबद्दल बोलतात. त्या मालिकेतला खुनी कोण, हे काकांना कोणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं.

सगळ्या इमारतीने ती पाहिली होती. काका आणि त्यांच्या बायकोचे मात्र शेवटचे दोन भाग राहिले होते. तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा चपला घालता घालता ती म्हणाली होती, "मी आल्यावर बघायचं हं. पुढे गेलात तर याद राखा." ती आलीच नाही.

तिची एक वही होती. वाचलेलं पुस्तक, पाहिलेलं नाटक, सिनेमा, मालिका, सगळं ती त्यात लिहायची. चार रकाने आखलेले: नाव, माझा अंदाज, ह्यांचं मत, माझं मत. ह्यांचं मत आधी, कारण त्यांचं ऐकून झालं की तिला बोलायला रान मोकळं. तो रकाना तिने बोटभरच ठेवला होता. काका दरवेळी एकच शब्द सांगायचे, "ठीक." पानंच्या पानं "ठीक".

"परीक्षा आहे का कुठे?" काका तिला चिडवायचे.

"तुम्हाला सकाळचं जेवण संध्याकाळी आठवत नाही. मला तोच सिनेमा दोनदा बघायचा नाही."

ती गेल्यावर एकदा त्यांनी एक सिनेमा लावला. पहिला अर्धा ओळखीचा वाटला, पुढचा अजिबात नाही. वही काढून बघितली. तिने लिहिलं होतं, "हे मध्यंतराआधीच घोरायला लागले. उरलेला मी एकटीने पाहिला. छान होता, त्यांचं नुकसान." काका कितीतरी वेळ हसले. मग टीव्ही बंद करून बसून राहिले.

त्यानंतर त्यांनी काहीच लावलं नाही. एक अर्धवट टाकून दुसरं सुरू करायचं नाही, हा तिचा नियम होता. मालिका पुरी करवत नव्हती, म्हणून दुसरं काही सुरू करता येत नव्हतं. पुस्तकांचंही तेच. पडदे ओढलेल्या खोलीत ते बंद टीव्हीसमोर बसत आणि जिन्यात पावलं वाजली की दारापासून लांब सरकत. लेक फोनवर म्हणायची, "बाबा, बाहेर पडा जरा." ते "हो" म्हणायचे.

त्या दिवशी बटाट्यांची पिशवी जड होती आणि गुडघ्याने साफ दगा दिला. लिफ्ट रिकामी बघून काका आत शिरले. दार मिटता मिटता वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई घुसल्या.

"काका! आहात कुठे? अहो, ती मालिका..."

"बाई, नको."

तेवढ्यात लिफ्टला हिसका बसला आणि ती दोन मजल्यांच्या मध्ये उभी राहिली.

काकांनी घंटा दाबली, कंपनीला फोन केला. माणूस निघाला होता, पण वेळ लागणार होता. "दाराला हात लावू नका," काका बाईंना म्हणाले. नोकरीत असताना अशा वेळी ते बाहेरून ओरडायचे, बोलत राहा, गप्प बसू नका. आतल्याला बोलतं ठेवलं की तो घाबरत नाही. आज ते तोंडातून निघेना.

मास्तरीणबाईंना दरदरून घाम फुटला होता. "काका, बोला काहीतरी, जीव घुसमटतोय माझा. बरं, मीच बोलते. त्या शेवटच्या भागात तो..."

"हात जोडतो तुम्हाला! शेवट सांगू नका!"

"अजून पाहिला नाहीत? लोक पाहून विसरलेसुद्धा!"

मग काकांनी सगळं सांगितलं. चपला, नियम, वही.

"बघून टाका की मग," बाई मऊ आवाजात म्हणाल्या.

"कसं बघू? खुनी कोण ते तिने पहिल्या भागानंतरच लिहून ठेवलंय. पैजेवर. बरोबर की चूक, ते आता सांगू कोणाला?"

"कोण लिहिलंय?"

"माळी."

मास्तरीणबाई गप्प झाल्या. त्यांना गप्प बसलेलं इमारतीत कोणी पाहिलं नव्हतं. त्या बटणांवरचे आकडे वाचायला लागल्या.

"चुकली वाटतं," काका म्हणाले.

"मी काही बोलले का?"

"नाही ना. म्हणूनच."

बाईंना हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरले. पदराने तोंड पुसत त्यांनी विचारलं, "आणि तुम्हाला कोण वाटला होता?"

बायको हेच रोज विचारायची. काका "बघू" म्हणायचे आणि कूस वळवायचे. आताही ते तोंड उघडणार, तोच वरून आवाज आला, लिफ्ट हळूहळू खाली आली आणि दार उघडलं.

घरी आल्यावर त्यांनी बटाटे तसेच पिशवीत ठेवले आणि टीव्ही लावला. दोन्ही भाग सलग पाहिले. खुनी डॉक्टर निघाला. माळी बिचारा शेवटपर्यंत गुलाबांना पाणी घालत होता.

त्यांनी वही उघडली. ती चुकली की काय लिहायची ते त्यांना पाठ होतं: "चुकले, पण दाखवणाऱ्यांनी मुद्दाम फसवलं." तिच्या रकान्यात ते लिहावं म्हणून त्यांनी पेन टेकवलं, आणि उचललं. तिथे लिहायचा त्यांना हक्क नव्हता.

आपल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, "डॉक्टर निघाला. मला बंगल्याची मालकीण वाटली होती. दोघंही चुकलो."

बोटभर जागेत ते मावलं नाही. "मला"पासून पुढची सगळी ओळ तिच्या रकान्यात गेली.