पिवळ्या कोनाचं बी

"तिन्ही घेऊन जावा," म्हणत चंद्राक्कानं कंद किरणसरांच्या पिशवीत ठेवले, तेव्हा पिशवीचं तोंड मीच धरलं होतं.

चंद्राक्का आमच्या शेजारची. कुंभारवाडा गावाच्या पल्याड रानात आमची सात घरांची वाडी. कोन म्हणजे वेलाखाली जमिनीत पोसणारा कंद, आणि पिवळा कोन फक्त आक्काकडं उरला होता. त्या साली रानडुकरांनी सगळ्यांचे वेल उकरले. तिनं राखेत जपलेले हे तीन तेवढे राहिले, पुढच्या लावणीचं बी.

किरणसर एका प्रयोगशाळेतले. गणेशगुडीच्या लॉजवर उतरलेले, आणि मी त्या लॉजचा जीपवाला. पाहुण्याला हवं ते दाखवणं हे माझं काम, जीभ आवरणंही त्यातच आलं. कंदातला पिवळा रंग काढायचा, काचेवर त्याचा पातळ थर द्यायचा आणि त्यातून वीज सोडायची, की तो थरच उजळतो, असं सर वाटेत सांगत होते. मोबाईलच्या पडद्यात असतो तसा उजेड, फक्त कारखान्यातल्या रसायनाऐवजी झाडाच्या रंगातून. मला निम्मं कळलं. पण कंद वाटल्याशिवाय रंग निघत नाही, एवढं कळायला शाळा लागत नाही.

आमच्यात बी मागणाऱ्याला परत पाठवत नाहीत. नेणाऱ्यानं लावायचं आणि पुढच्या साली दुप्पट आणून द्यायचं. आक्कानं तेच धरलं.

"फुडल्या साली सा आणा सर. तुमच्याकडं डुकरं न्हाईत न्हवं?"

सर हसून "नक्की" म्हणाले. त्यांना ती थट्टा वाटली.

वर्षभर आक्का मला दिसेल तिथं अडवायची. "गणपा, सरांचा वेल चढला असंल का रं?" मी "व्हय आक्का" म्हणायचो. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते.

पुढच्या पौषात सर आले. आक्कानं अंगण सारवलं होतं, कंद ठेवायला सुपात गवत अंथरलं होतं. सरांनी डबीतून नखाएवढी काच काढली, वायर जोडली. काचेत पिवळट उजेड पडला. सगळी वाडी बघतच राहिली. आक्का मात्र जीपकडं बघत होती.

"आन् बी?"

"हेच ते, आक्का. तुमच्या कंदांचा रंग."

"त्ये दिसलं. बी कुटं हाय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं. मग ते हळू म्हणाले, "सगळे वाटून रंग काढला. मला वाटलं, तुमच्याकडं आणखी असतील."

तोवर काच विझत आली होती. हवा लागली की थर टिकत नाही, आणखी कंद मिळाले तर पुन्हा करून बघू, असं सर कुणाकडंच न बघता सांगत राहिले.

आक्का चिडली असती तर मी सुटलो असतो. ती म्हणाली, "तुमी मागितलं, मी दिलं. तुमची काय चूक? जेवून जावा."

सर हात धुवायला गेले, तेव्हा तिनं विचारलं, "तुला ठावं व्हतं न्हवं रं?"

मी सुपातलं गवत सारखं करत बसलो.

तेवढ्यात वाडीतली लक्ष्मी टोपली घेऊन आली. दर साली एक घर आक्काकडून बी न्यायचं, यंदा तिची पाळी होती. बी मागणाऱ्याला काय सांगून परत पाठवतात, हे आक्काला माहीतच नव्हतं.

"न्हाई गं," ती शेवटी म्हणाली. "ऱ्हायलंच न्हाई."

आणि भरल्या टोपलीला देतात तसा हात देऊन तिनं ती रिकामी टोपली लक्ष्मीच्या डोक्यावर चढवली.