दुखत नव्हतं तरी

मागच्या दारी पायरीवर बसून पुतळाबाई दुसऱ्यांदा मशेरी लावत होत्या. एरवी सकाळी एकदाच लावायच्या, पण आज दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि दवाखान्यातल्या मुलीनं फोनवर बजावलं होतं, दात स्वच्छ करून या. मग काय, पार दाढांपर्यंत बोट फिरवून त्यांनी तोंड घासून काढलं. त्यांची सून विनिता रिक्षा आली म्हणून सांगायला आली आणि तिनं कपाळाला हात लावला.

"आई, मशेरी लावून दाताच्या डॉक्टरकडे जातात का?"

"मग घाण दात घेऊन जाऊ?"

दुखत नाही, हलत नाही, साठी उलटली तरी भाजलेला बोंबील कडाकडा चावतो, आणि ही म्हणते तपासून घ्या! पुतळाबाईंचा पारा कालपासूनच चढला होता. विनिताचं म्हणणं एकच, पार्वतीकाकूंनाही दुखत नव्हतं. पार्वती म्हणजे पुतळाबाईंची धाकटी जाऊ. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तिनं कुणाला दाखवला नाही. दाखवला तेव्हा अर्धा जबडा काढावा लागला, आणि तरीही मागच्या शिमग्याला ती गेली.

दोघी जावा याच पायरीवर बसायच्या, एकाच डबीतली मशेरी लावायच्या. पार्वती गेल्यावर डबी जास्त दिवस पुरायला हवी होती. ती पूर्वीसारखीच संपत होती. पुतळाबाईंनी कुणाला काही विचारलं नाही. तंबाखू तव्यावर भाजायच्या, कुटायच्या आणि डबी पुन्हा भरून ठेवायच्या.

गोदामांच्या गावातून, दापोड्याहून, निघालेली रिक्षा कंटेनरांच्या रांगेत अडकली तशी विनितानं पुन्हा सुरुवात केली. दर सहा महिन्यांनी दाखवायचं असतं. आपल्या गोदामाचे पत्रे नाही का आपण दर वैशाखात तपासून घेत, गळत नसले तरी?

"मी काय गोदाम हाय?" पुतळाबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

डॉक्टर निशा म्हणजे अगदी नातीच्या वयाची पोर. तिनं तोंडात दिवा धरला आणि आधी काळ्या थरावरूनच सुनावलं. त्यात विनिताला जोर चढला. सांगा तुम्हीच, आमचं ऐकत नाहीत, घरभर तो वास, पोरं काय शिकणार. बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जात होतं. तोंड उघडं ठेवून पडलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, नाहीतर पुतळाबाईंनी तिथल्या तिथे हिशेब चुकता केला असता. सगळ्या जन्मात असा अपमान झाला नव्हता.

डॉक्टरनं जिभेखाली पाहिलं, दोन्ही गाल आतून चाचपले. हिरड्या झिजल्यात, मशेरी बंद करा, पण चट्टा वगैरे काही नाही, ती म्हणाली.

"दुखायच्या आधी यायचं असतं, आजी. आलात ते बरं झालं."

पुतळाबाई खुर्चीवरून उतरल्या, पदर सावरला.

"मग आता हिचं बघा."

विनिता हसली. ती दोन वेळा ब्रश करत होती, तिला काय झालंय.

"दुखत नाही हो माझं काही."

"माझंबी दुखत न्हवतं. बस गो."

डॉक्टरही हसली आणि तिनं खुर्चीवर थोपटलं. विनिताला बसावं लागलं. तोंड उघडायला मात्र तिनं फार वेळ लावला. डॉक्टरनं खालचा ओठ बोटानं बाहेर ओढला, छोटा आरसा आत धरला, आणि तिचं हसू गेलं. ओठाच्या आत, हिरडीला लागून, पांढरा खरखरीत चट्टा होता.

"मशेरी कधीपासून लावता?"

विनितानं ओठ मिटून सासूकडे पाहिलं.

सगळं डॉक्टरनंच सांगितलं. वेळेवर सापडलंय, आज बंद केलंत तर जाऊही शकेल, पण छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल, पुढच्या आठवड्यात या. सुनेची पर्स छातीशी धरून पुतळाबाई ऐकत उभ्या राहिल्या.

परतीची रिक्षा पुन्हा कंटेनरांच्या रांगेत अडकली. मग विनितानं रडत रडतच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"डबी माझी. मला न्हाय कळणार?"

"मग रागावला का नाहीत कधी? एवढ्या तेवढ्यावरून घर डोक्यावर घेता!"

सकाळपासून प्रत्येक प्रश्नाला पुतळाबाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं. या वेळी त्यांनी आधी छातीशी धरलेली पर्स सुनेच्या हातात दिली.

"मला वाटलं, तू लाजशील."

सवयीनं त्यांचा हात कमरेच्या डबीकडे गेला. तो त्यांनी परत मांडीवर ठेवला.