पट्टी कधी निघाली

शर्यत संपल्यावर तपासणीच्या खोलीत टेकूंवर चढवलेली, आज जिंकलेली गाडी होती, एक वजनकाटा, दोन दिवे, एक लोखंडी कपाट आणि तीन माणसं. मुख्य तपासनीस, ज्यांना सगळे मास्तर म्हणत. जिंकलेल्या संघाचे साहेब. आणि मागच्या शर्यतीनंतर रुजू झालेली मी. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. त्याच्या खालून भंगारच्या टेम्पोची चाकं तेवढी दिसत होती.

टेम्पो कपाटातल्या फळीसाठी थांबला होता. शर्यतीच्या गाडीच्या पोटाखाली एक फळी असते, नवी असताना दहा मिलीमीटर जाड. गाडी जितकी जमिनीलगत पळवाल तितका वेग जास्त आणि फळी झिजते तीही जास्त. फळीला चार भोकं असतात, माप तिथेच घ्यायचं. एकाही भोकापाशी नऊच्या खाली भरली तर गाडी बाद. मागच्या शर्यतीत एका लहान संघाची चालक दुसरी आली होती. तिचा भाऊच तिचा मेकॅनिक, तो ताई म्हणतो म्हणून सगळेच तिला ताई म्हणतात. तिसऱ्या भोकापाशी तिची फळी ८.८ भरली. दुसरा क्रमांक गेला, त्याबरोबर वरच्या गटाचा परवानाही. हरकतीची मुदत आज सहाला संपत होती. तोवर तीच फळी कपाटात, त्यानंतर भंगारात.

"घे माप," मास्तर म्हणाले.

मी जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन गाडीखाली सरकले. धातू अजून तापलेला होता आणि कुठेतरी टक्‌ टक्‌ करत निवत होता. तिसऱ्या भोकापाशी आकडा आला ८.७. मी तो मोठ्याने सांगितला.

"बाईंचा हात नवा आहे," साहेब म्हणाले.

"हात बदलला म्हणून आकडा बदलत नाही."

"जीभ मात्र मुरलेली दिसते."

मास्तर स्वतः वाकले. त्यांनाही ८.७च मिळालं. ते साहेबांकडे बघत राहिले. मग त्यांनी कॅलिपरचे जबडे मिटवले. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्क्रीनवर शून्य यायला हवं होतं. आलं वजा ०.३.

"पट्टी पडलीय," मास्तर म्हणाले.

फळीवर ओरखडा उठू नये म्हणून एका जबड्याला जाड पट्टी चिकटवायची, ही त्यांचीच पद्धत. हंगामाच्या सुरुवातीला पट्टीसकट शून्य लावायचं आणि कुणी लबाडी करू नये म्हणून शून्याच्या बटणावर कागदी सील डकवायचं. त्यामुळे सील शाबूत आहे ना, एवढंच सगळे बघत. जबडे मिटवून कुणी बघत नसे. पट्टी नसेल तर प्रत्येक फळी ०.३ने कमी भरणार.

"म्हणजे ही बरोबर नऊ. नियमात बसते."

"नियम सगळ्यांना सारखा," साहेब म्हणाले. "मी नेहमी सांगतो."

"मग मागची फळी?" मी विचारलं.

"पट्टी आज पडली," मास्तर म्हणाले.

मी जबडा दिव्याखाली धरला. गोंदाचा डाग काळा पडला होता, धूळ त्यात मुरून कडक झाली होती. नखाने खरवडलं तरी निघेना. "मास्तर, हा डाग आजचा वाटत नाही."

"मागच्या वेळी माप कोणी घेतलं होतं?"

"तुम्ही."

"मग झालं तर."

साहेबांनी बुटाने शटर आणखी थोडं खाली दाबलं. आता टेम्पोची चाकंही दिसेनात. "तुमच्या आधी इथे एक बाई होत्या," ते अगदी मायेने म्हणाले. "त्यासुद्धा फार बारीक बघायच्या."

"आता कुठे असतात?"

"कुणालाच कल्पना नाही."

तेवढ्यात कुणीतरी शटर वर ढकललं. ताई आणि तिचा भाऊ वाकून आत आले. फळी भंगारात द्यायला संघाची सही लागते.

"कुठे करू सही?" ताई म्हणाली. "मापात चूक आहे म्हटलं, तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणाला होतात. लक्षात आहे ना, मास्तर?"

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्यापुढे हात केला. "कपाटाची किल्ली."

किल्ली माझ्या खिशात होती. ती तिथेच धरून मी ताईला म्हणाले, "सही करू नका. सहा वाजले नाहीत. पुन्हा माप घ्या अशी हरकत तोंडी सांगितली तरी चालते."

"पुन्हा कशासाठी घ्यायचं?" भाऊ म्हणाला. "फळी काय कपाटात बसून जाड होते?"

"या कॅलिपरची पट्टी पडली आहे. मागच्या वेळी ती असेल, तर आज तुमची फळी ८.५ दाखवेल. तेव्हाच नसेल, तर पुन्हा ८.८, म्हणजे खरी ९.१."

ताईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली बघत होते. साहेब फोन कानाला लावून हळू आवाजात कुणाला तरी माझं पद सांगत होते.

"माझी हरकत आहे," ताई म्हणाली.

मी कपाट उघडलं. फळीचं सील तिच्या भावाने फोडलं. मी मास्तरांपुढे कॅलिपर धरला, त्यांनी तो घेतला नाही. मग मीच फळी टेबलावर ठेवली, तिसऱ्या भोकापाशी जबडे टेकवले आणि स्क्रीन सगळ्यांकडे वळवली.

८.८.